रुग्णाचा हट्ट आणि सहचराचा अधिकार

ज्यांचा निकाल धर्मग्रंथांत लागत नाहीं आणि न्यायालयांतही लागत नाहीं, असे पुष्कळ प्रश्न घराच्या चार भिंतींच्या आंत रोज उपस्थित होत असतात व तेथेंच ते कसेबसे मिटविले जातात. त्यांपैकीं एक आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. एका गृहस्थाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आहे. शस्त्रवैद्यानें आपलें काम उत्तम केलें आहे, आणि रुग्ण आतां घरीं आला आहे. सहा आठवडे कंबरेंतून वांकूं नये, ओझें उचलूं नये, अंग पिळूं नये, अशी त्याला सक्त ताकीद आहे. घरीं आल्यावर तिसऱ्याच दिवशीं खाटेखालीं सरकलेली चप्पल काढावयास हा गृहस्थ खुशाल वांकतो. "अहो, हें काय करतां!" म्हणून पत्नी धांवत येते, आणि तो तिच्यावरच डाफरतो.

येथें प्रश्न असा कीं, या प्रसंगीं तिचा अधिकार किती? शरीर त्याचें, वेदना त्याची, जगण्याची इच्छाही त्याचीच. परंतु तो पुन्हां अंथरुणाला खिळला तर त्याला कुशीवर वळविणें, न्हाऊं घालणें, रात्रीं दोनदां उठून पाणी देणें हें सारें तिच्या वांट्याला येणार. मग त्या शरीरावर तिची कांहींच सत्ता नाहीं काय? आणि आहे असें म्हटलें, तर ती कोठपर्यंत चालावी?

आपल्या समाजानें या प्रश्नाचीं दोन उत्तरें तयार ठेवलीं आहेत. शुश्रूषा करणारी पत्नी असेल तर तिला सेवाधर्म सांगावयाचा, म्हणजे पतीच्या हट्टापुढें मान तुकवून मागचें सारें निस्तरावयास सांगावयाचें. शुश्रूषा करणारा पति असेल तर त्यानें आज्ञा करावी व पत्नीनें ती पाळावी, असें गृहीत धरावयाचें. हीं दोन्ही उत्तरें दिसावयास परस्परविरुद्ध असलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे. दोहोंतही रुग्ण कोण व निरोगी कोण हें न पाहतां पुरुष कोण व स्त्री कोण एवढेंच पाहिलें जातें. रुग्णशय्येपाशीं हें माप उपयोगाचें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे, हें पटण्यासाठीं धाराशिव जिल्ह्याकडे पाहावें. बालाघाटच्या पठारावरचा हा बहुतांशीं कोरडवाहू मुलूख. येथली शेती ही कंबरेची शेती आहे. आश्विनांत सोयाबीनची कापणी विळा घेऊन वांकून करावयाची, माघ-फाल्गुनांत ज्वारीची काढणी पुन्हां वांकूनच करावयाची, आणि टंचाईच्या सालीं डोईवर घागरी घेऊन पाण्यासाठीं वणवण करावयाची. अशा ठिकाणीं कंबर धरणें, गादी सरकणें, मांडीपासून पोटरीपर्यंत कळ उतरणें हीं दुखणीं घरोघर ऐकूं येतात यांत नवल नाहीं. धाराशिव शहरांत २०२२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तथापि मणक्याच्या नाजूक शस्त्रक्रियेसाठीं सोलापूर, लातूर किंवा थेट पुणें गांठणारीं कुटुंबें अजूनही आहेत. तेथें असतांना रुग्णाला हलविणाऱ्या परिचारिका असतात, वरखालीं होणारा पलंग असतो. तेथून निघून भूम-परंड्याकडच्या किंवा लोहारा-उमरग्याकडच्या एखाद्या खेड्यांतील घरांत तो आला, कीं तेथें मध्यें झोळ पडलेली बाज असते, जेवावयास मांडी घालून बसावें लागतें, आणि शौचासाठीं उकिडवें बसण्याखेरीज सोय नसते. घराचा सारा घाटच मुळीं वांकणाऱ्या माणसासाठीं घडविलेला आहे. अशा घरांत जिनें कधीं शुश्रूषेचा एक धडाही घेतला नाहीं, ती पत्नी एका दिवसांत परिचारिका होते. आणि ज्यानें आजवर कोणाचें ऐकलें नाहीं, तो पति एका दिवसांत आज्ञाधारक होईल अशी अपेक्षा केली जाते. संघर्ष येथेंच सुरू होतो.

वैद्याची ताकीद लहरीपणाची नसते. दोन मणक्यांमधील गादीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडतो, आणि तो भाग काढून टाकला असतां आराम पडूं शकतो, ही गोष्ट बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन वैद्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधानें जगाच्या लक्षांत आणून दिली. परंतु या शस्त्रक्रियेंत एक मोठी फसगत आहे. तंतूवरचा दाब निघाला कीं पायांतील कळ पुष्कळदां एक-दोन दिवसांतच ओसरते. गादीच्या कवचाची जखम भरून यावयास मात्र कित्येक आठवडे लागतात. मणके एकमेकांस जोडले असतील तर हाड सांधावयास महिनेच्या महिने जातात, आणि रुग्णाला तंबाखूचें व्यसन असेल तर तिच्यांतील निकोटिन हें सांधणें आणखी मंदावतें. तात्पर्य, रुग्णाला बरें वाटतें तें तो बरा होण्याच्या फार आधीं. हट्टाचा जन्म या मधल्या काळांत होतो. ज्याला असह्य वेदना आहे तो हट्ट करीत नाहीं, तो मुकाट्यानें पडून राहतो. हट्ट करतो तो ज्याची वेदना गेली आहे पण ज्याचा धोका गेलेला नाहीं तो.

एवढ्यावरून शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूनें निकाल देऊन मोकळें व्हावें, असा मोह वाचकांस होईल. परंतु वैद्यकाचाच इतिहास आपणांस तसें करूं देत नाहीं. एके काळीं कंबरदुखीला दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणें हाच राजमान्य उपाय होता. १९८६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दोन दिवसांची विश्रांति व सात दिवसांची विश्रांति यांची तुलना केली, तेव्हां साध्या कंबरदुखींत अधिक दिवस निजून राहिल्यानें अधिक लाभ होत नाहीं असें आढळून आलें. आज शस्त्रक्रियेनंतरही बहुतेक रुग्णांना लवकरच उभें करून चालवितात, आणि रोज थोडें थोडें चालणें वाढविण्यास सांगतात. म्हणजे "मी असा पडून राहणार नाहीं" असें म्हणणारा हट्टी पुरुष कधीं कधीं त्याच्या काळजीनें व्याकुळ झालेल्या पत्नीपेक्षां शास्त्राच्या अधिक जवळ असतो! प्रेमाला भय लवकर वाटतें, आणि भयाला सर्वच हालचाल अपराधासारखी दिसूं लागते. एतदर्थ शुश्रूषा करणाराचें पहिलें कर्तव्य हें कीं, वैद्यानें कशास मनाई केली आहे आणि आपल्याला केवळ भीति कशाची वाटते, यांतील भेद त्यानें स्वतःशीं प्रामाणिकपणें करावा. वैद्याच्या नांवावर आपलें भय खपविणें ही लबाडीच होय. आणि ती एकदां उघडकीस आली म्हणजे वैद्याचे खरे शब्दही रुग्ण मानीनासा होतो.

आतां हट्टाकडे वळूं. सर्व हट्ट एकाच मातीचे नसतात. एक हट्ट केवळ अभिमानाचा असतो. ज्या पुरुषानें पोत्यांच्या थप्प्या लावल्या, त्याला पायमोजा दुसऱ्यानें चढवावा ही गोष्ट शस्त्रक्रियेहून अधिक बोंचते. दुसरा हट्ट गरजेचा असतो. ज्वारी उभी आहे, मजूर मिळत नाहीं, आभाळ भरून आलें आहे. अशा वेळीं शेतकऱ्यानें अंथरुणावरून उठूं नये असें सांगणें सोपें आहे, परंतु त्याची ज्वारी कोण काढणार याचें उत्तर त्या सांगण्यांत नसतें. तिसरा हट्ट श्रद्धेचा. दुखण्यांतून उठलों तर तुळजापुरास लोटांगण घालीन असा नवस बोललेला मनुष्य टांके निघतांच निघूं पाहतो. त्याला मूर्ख म्हणून चालत नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें तो ऋण फेडावयास निघाला आहे. अभिमानाला युक्ति लागते, गरजेला मदतीचे हात लागतात, आणि श्रद्धेला श्रद्धेच्याच भाषेंत उत्तर द्यावें लागतें. देवीचें ऋण बुडत नाहीं, तें पुढल्या वर्षीं फेडतां येतें, आणि जिनें पाठ वांचविली ती आपल्याच दारीं ती मोडून घेईल काय, असें एखाद्या शहाण्या गृहिणीनें विचारलें, तर तो युक्तिवाद रुग्णाला कळतो. तिन्ही हट्टांवर एकच "नको" उगारणें म्हणजे तिन्ही रोगांवर एकच पुडी देण्यासारखें आहे.

आणि रुग्ण जेव्हां पत्नी असते, तेव्हां तर "हट्ट" हा शब्दच तपासून पाहावा लागतो. ती चौथ्या दिवशीं केरसुणी घेते, पिठाचा डबा उतरविते, पाण्याची कळशी उचलते, आणि घरांतील सारीं माणसें एका आवाजानें म्हणतात, "किती सांगितलें तरी ही ऐकत नाहीं!" परंतु तिनें न ऐकतां उचललेली ती कळशी उचलावयास दुसरें कोण पुढें झालें होतें? केर तसाच पडून राहिला, मुलें उपाशी शाळेंत गेलीं, सासूबाईंच्या औषधाची वेळ टळली, हें सारें खाटेवरून पाहत पडून राहणें हें कांहीं स्त्रियांना कण्यावरील जखमेपेक्षां दुःसह होतें. अशा ठिकाणीं हट्ट तिचा नसून घराचा आहे. काम शिकावयाचेंच नाहीं, हा तो हट्ट होय. त्यावर उपदेश हा उपाय नाहीं. पतीनें मुकाट्यानें केरसुणी हातीं घ्यावी, भाकरी वांकडी झाली तरी थापावी, आणि ती वांकडी आहे हें पत्नीनें सांगितलें असतां रागावूं नये, हाच उपाय आहे. "तूं नीज, मी करतों" या चार शब्दांत जितकी शुश्रूषा आहे, तितकी "तुला किती वेळां सांगितलें" या वाक्यांत नाहीं.

या जिल्ह्यांतच तेरणेच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. तें संत गोरा कुंभारांचें गांव. त्यांची कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें ती पुन्हां एकदां पाहण्याजोगी आहे. भजनाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना गोरोबांच्या पायांखालीं त्यांचें तान्हें मूल गेलें. पत्नीनें शोकाच्या भरांत, मला स्पर्श कराल तर विठ्ठलाची आण आहे, असें म्हटलें. आणि पतीनें ती आण अक्षरशः पाळली. पुढें तिचा शोक ओसरला, परंतु त्याचा निश्चय ढळला नाहीं. आणि आण मोडली गेली असें वाटतांच त्यानें आपले हात तोडून घेतले. आतां कुंभाराला हात नाहींत, घरांत मडकें घडत नाहीं. तेव्हां, कथा सांगते कीं, पांडुरंग स्वतः चाकर होऊन त्या घरीं राबला. एकाच्या तोंडून शोकांत निघालेला शब्द आणि दुसऱ्यानें हट्टानें धरलेलें त्याचें अक्षर यांच्यामध्यें एक संसार कसा चिरडला जातो, याचें याहून भेदक चित्र आम्हांस माहीत नाहीं. परंतु त्याहून महत्त्वाचें तें हें: मदतीला जो आला तो धनी म्हणून आला नाहीं. हात तोडून घेणें हें शहाणपणाचें कीं वेडेपणाचें, याचा जाब न मागतां तो चाकावर बसला. ज्याचे हात गेले आहेत त्याला प्रथम हात द्यावे; बोध करावयाचाच असेल तर तो मागाहून करावा, असा या कथेचा अर्थ आम्ही लावतों.

तथापि बोध केव्हां करावा व करावा तर कसा, हा प्रश्न उरतोच. तेरच्या कथेंतील चाकर देव होता. मनुष्यांना बोलल्यावांचून राहवत नाहीं. या बाबतींत महात्मा गांधींनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितलेले कस्तुरबांच्या आजाराचे प्रसंग मननीय आहेत. दक्षिण आफ्रिकेंत डरबन येथें कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. प्रकृति इतकी क्षीण होती कीं क्लोरोफॉर्म न देतां ती करावी लागली. पुढें डॉक्टरांनीं मांसाचा रस देण्याचा आग्रह धरला, तेव्हां गांधींनीं निर्णय आपल्या हातीं न ठेवतां रुग्णाईतालाच विचारलें. कस्तुरबांनीं ठाम नकार दिला, आणि त्या नकाराचा मान राखून, धोका पत्करून, त्यांना फिनिक्स आश्रमांत नेण्यांत आलें. येथपर्यंत पतीची वागणूक आम्हांस आदर्श वाटते. परंतु पुढें त्यांनीं कस्तुरबांना मीठ व डाळ सोडण्याचा आग्रह केला. त्या कंटाळून म्हणाल्या कीं हें तुम्हांला तरी सोडवेल काय? त्यासरशीं गांधींनीं स्वतः वर्षभरासाठीं दोन्ही पदार्थ सोडले. कस्तुरबा रडल्या, विनवूं लागल्या, परंतु व्रत मागें घेतलें गेलें नाहीं. आणि अखेर त्यांनींही ते पदार्थ सोडले. गांधी या प्रसंगाकडे प्रेमाच्या सत्याग्रहाचें गोड उदाहरण म्हणून पाहतात. त्यांच्याविषयींचा आदर यत्किंचितही कमी न करतां आम्ही असें म्हणूं कीं, पहिल्या प्रसंगांत कस्तुरबांना विचारलें गेलें, दुसऱ्यांत त्यांना जिंकलें गेलें. स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला औषध घ्यावयास लावणें, "तुम्ही नीट वागेपर्यंत मी जेवणार नाहीं" असें म्हणणें, हें आपल्या घरांतून रोज चालतें. आणि त्यामागें प्रेम असतें यांत शंका नाहीं. परंतु तीही एक जबरदस्तीच आहे, आणि ती सौम्य असल्यामुळें तिचा प्रतिकार करणें अधिक कठीण जातें एवढेंच.

येथवर हट्ट मोडावा कीं सांभाळावा, एवढाच प्रश्न होता. परंतु असाही हट्ट असतो कीं जो मोडला असतां जगाचें नुकसान झालें असतें. आनंदवनाचे बाबा आमटे यांचें उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें आहे. मणक्यांच्या विकारानें त्यांना आयुष्याचीं अनेक वर्षें बसतां येत नव्हतें. उभें राहावयाचें किंवा आडवें व्हावयाचें, एवढेच दोन मार्ग त्यांना मोकळे होते. कोणीही सामान्य हितचिंतक त्यांना खाटेवर स्वस्थ पडून राहण्याचा सल्ला देता. परंतु १९८५ सालीं, सत्तरी उलटल्यावर, हा मनुष्य 'भारत जोडो' यात्रेसाठीं कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाला, आणि तो प्रवास त्यानें वाहनांत आडवें पडून केला. १९९० सालीं आनंदवन मागें ठेवून ते नर्मदेच्या कांठीं कसरावद येथें राहावयास गेले, तेव्हां साधनाताई त्यांच्याबरोबर होत्या. येथें पत्नीनें हट्ट मोडला नाहीं. पाठ आडवी ठेवूनही काम उभें राहील अशी व्यवस्था घडून आली. शरीराची मर्यादा आणि मनाचा निश्चय यांच्यांत पुष्कळदां एखादें तिसरें साधन सांपडतें: येथें तें वाहनांतलें अंथरूण होतें, शेतकऱ्याच्या घरीं तें कंबरभर उंचीचें टेबल किंवा लांब दांड्याचा चिमटा असेल. तें शोधणें हें प्रेमाचें खरें कौशल्य होय.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. साधनाताईंनीं आपल्या आठवणींच्या ग्रंथाला नांव दिलें 'समिधा'. समिधा अग्नि पेटता ठेवते, आणि स्वतः जळते. मोठ्या कार्यासाठीं स्वेच्छेनें तसें जळणारी व्यक्ति वंदनीय आहे. मात्र यावरून प्रत्येक घरांतील पत्नीनें प्रत्येक पतीच्या प्रत्येक हट्टासाठीं समिधा व्हावें असा नियम निघत नाहीं. पैज म्हणून पोतें उचलणारा आणि राष्ट्रासाठीं कण्याची पर्वा न करणारा हे दोघे एका तराजूंत तोलतां येत नाहींत. शिवाय शुश्रूषा करणाऱ्यालाही कंबर असते, ही गोष्ट आपण विसरतों. वजनदार माणसाला बगलेंत हात घालून रोज उठविणारी स्त्री काहीं महिन्यांनीं स्वतःच कंबर धरून बसते, आणि त्या वेळीं तिच्याजवळ बसावयास कोणी नसतें.

तर मग अधिकाराची मर्यादा कोणती? आमच्या मतें, सहचराला रुग्णावर जो अधिकार येतो तो मालकीचा नसून ठेवीचा आहे. रुग्णानें आपल्या शरीराची कांहीं सत्ता कांहीं दिवसांपुरती दुसऱ्याच्या हवालीं केलेली असते, आणि ठेव म्हटली कीं ती परत करावयाची असते. पहिल्या दिवशीं कुशीवर वळून हाताच्या आधारानें उठावयास शिकविणाऱ्यानें पंधराव्या दिवशीं हात मागें घेतला पाहिजे. पति आज दारापर्यंत एकटा गेला, उद्यां पारापर्यंत जाईल, तर पत्नीनें मागून धांवूं नये. ज्याला ठेव परत करवत नाहीं, त्याला रुग्ण बरा होण्यापेक्षां आपली गरज टिकणें अधिक प्रिय झालें आहे, असें समजावें. असें होऊं शकतें, हें सुज्ञ वाचक नाकारणार नाहींत.

याच न्यायानें, जेथें चूक दुरुस्त होण्याजोगी नाहीं तेथें मात्र नमतें घेऊं नये. ताप चढला, जखमेंतून स्राव येऊं लागला, लघवी अडली किंवा तिच्यावरील ताबा गेला, पाय लुळा पडूं लागला, तर तेथें वादाला जागा नाहीं; रुग्ण नको म्हणत असला तरी गाडी बोलवावी व रुग्णालय गांठावें. बाकीच्या शंभर गोष्टींत, चहा कितीदां घ्यावा, उशी कोणती असावी, अंगणांत किती वेळ उभें राहावें, यांत हार खावी. शंभर ठिकाणीं हार खाणाराचें एके ठिकाणचें "नाहीं" ऐकलें जातें.

आणि रुग्णानेंही एक हिशेब ध्यानांत ठेवावा. "माझें शरीर आहे, मी वाटेल तें करीन" हें वाक्य एकट्या मनुष्याच्या तोंडीं शोभेल. ज्याचें अंथरूण दुसरा घालतो, त्याच्या शरीरांत आतां दुसऱ्याचे श्रम जमा झालेले असतात, दुसऱ्याची झोप जमा झालेली असते. त्याला तें शरीर उधळावयाचें असेल तर तेवढा भाग वगळून उधळतां येत नाहीं. म्हणून पत्नीनें पतीला धाक घालूं नये, उपाशीही राहूं नये, आणि त्याच्यापासून कांहीं लपवूंही नये, तिनें एवढेंच सरळ सांगावें कीं, "तुमची पाठ तुमची आहे, पण तुम्ही पुन्हां पडलांत तर उचलावयास माझ्या अंगांत बळ उरलेलें नाहीं." या वाक्यांत आज्ञा नाहीं, तक्रार नाहीं, सेवाधर्माचा गौरवही नाहीं; केवळ सत्य आहे. हट्टी माणसें आज्ञेला भीत नाहींत व अश्रूंनाही सरावतात. परंतु सत्य ऐकल्यावर पुष्कळदां तीं खालीं बसतात, आणि पडलेली चप्पल दुसऱ्या कोणी उचलून देईपर्यंत थांबतात. ज्या घरांत एकानें असें सत्य सांगावें आणि दुसऱ्यानें तें ऐकून घ्यावें, त्या घरांत अधिकार कोणाचा हा प्रश्न फार दिवस शिल्लक राहत नाहीं.